हातचे पाणी

भाद्रपद वद्य सप्तमी, शके १६८८
पुणे, पर्वतीखालचा मळा

सौ. द्वारकेस,

लखोट्यावर नाव तुझ्या भावाचे घातले आहे, कारण नवऱ्याने बायकोला थेट पत्र लिहिणे वाईला चालते की नाही ते मला ठाऊक नाही. पण पत्र तुझे आहे. दीनानाथांनी ते न वाचता तुझ्या हाती द्यावे. तुला वाचता येते हे त्यांना एव्हाना कळले असेल. कळले नसेल तर आता कळेल.

तू जाऊन बारा दिवस झाले. मी सुखरूप आहे. मळाही जागेवर आहे. यंदा पडवळ इतके लागले आहे की मांडव एका बाजूला कलला. दोडके रोज टोपलीभर निघतात. दोन माणसांच्या घराला टोपलीभर दोडके जास्त होतात आणि एका माणसाच्या घराला तर फारच. काही शेजारच्या गेनबाच्या घरी दिले, काही वेलावरच जून झाले. त्यांच्या आत आता घासायची जाळी धरली आहे.

स्वयंपाक मीच करतो. दफ्तरात होतो तेव्हा स्वारीबरोबर दोनदा कर्नाटकात गेलो होतो, तेव्हा हातपाय हलवायची सवय झाली होती. काल अळूची भाजी केली. आज घसा बसला आहे, हवा बदलते आहे म्हणून असेल. अळूत चिंच घालायची असते हे मला ठाऊक होते. फक्त चिंच कुठल्या मडक्यात ठेवतेस ते ठाऊक नव्हते.

कसब्यात लोक विचारतात. मी सांगितले आहे की तुझ्या आईचे गुडघे धरले म्हणून तू गेलीस. दिवाळीपर्यंत हे चालेल. तुला कोणी पुण्याचे भेटले तर तूही तेच सांग.

आता झाल्या गोष्टीबद्दल. माझ्या मते बोलण्यासारखे फार काही नाही, पण तू एवढा प्रवास करून गेलीस म्हणून लिहितो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही पोटात जायचे नाही, हे मला कोणी शिकवायला नको. नांगर नको, मोट नको, घाण्याचे तेल नको, बैलांच्या पाठीवरून येते म्हणून मीठसुद्धा नको. सहा वर्षे तू ते पाळलेस. मोगलांनी कसब्यातले घर जाळले त्या वर्षीदेखील खंड पडू दिला नाहीस. यंदाचे सातवे वर्ष, उद्यापनाचे. सातजणी जेवायला आल्या, तुझ्या हाताने वाढलेस, सगळे यथासांग झाले. दुसऱ्या दिवशी गेनबाची लेक ठकू धुणे वाळत घालताना काहीतरी बोलली आणि तू तेवढ्यावरून घर डोक्यावर घेतलेस.

ठकूला कोणता वाफा कोणाचा ते कळत नाही. श्रावणात तू चार दिवस कसब्यात मथुराकाकूंकडे होतीस, ऊन तापले होते, पाऊस नव्हता, हे सगळे खरे. गेनबाची मोट त्या दिवसांत चालू होती हेही खरे. तिचे पाणी त्याच्या उसाला गेले. आपल्या वाफ्यांना मी ओढ्यातून घागरीने पाणी घातले, असे मी तुला तेव्हा सांगितले होते. तेच आता पुन्हा लिहीत आहे.

ठकूच्या बोलण्यावर किती जायचे ते तूच ठरव.

दत्तोबा गाडीवान दर पंधरा दिवसांनी वाईला येतो. उत्तर द्यायचे तर त्याच्याकडे दे.

यज्ञेश्वर

आश्विन शुद्ध त्रयोदशी, शके १६८८

सौ. द्वारकेस,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ होती: "सातजणींना सांगितलेत का?"

तीस वर्षे मी दफ्तरात दुसऱ्यांची पत्रे उतरवून काढली. कोण काय दडवून लिहितो ते मला दोन ओळींत कळते. फितूर किल्लेदार पाऊसपाण्याबद्दल फार लिहितो. तुला मागचे पत्र पाठवले आणि त्यात मी दोडक्यांबद्दल किती लिहिले होते ते नंतर आठवले.

तर ऐक. पाट मीच फोडला.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबाकडे गेलो आणि म्हटले, आज आमच्या वाफ्यांना जरा मोटेचे पाणी दे. तो म्हणाला, "पंत, ह्यो पंचमीचा वाफा न्हवं?" म्हणजे त्याला ठाऊक होते. मी म्हटले, एवढ्याने काही होत नाही. मग त्याने बैल चालवले आणि मी कुदळीने पाटाची माती बाजूला केली. चारही दिवस तसेच केले. तू परत आलीस तेव्हा माठ गुडघ्यापर्यंत आला होता आणि तू म्हणालीस, "एवढं पाणी एकट्यानं घातलंत?" मी हो म्हटले.

तुला वाटत असेल की माझी पाठ धरली होती. गेनबालाही मी तसेच सांगितले. पाठ धरली नव्हती. कंटाळा आला होता. दफ्तरातला श्यामसुंदर सोंगट्यांचा पट घेऊन आला होता आणि आम्ही दिवसभर ओट्यावर बसलो होतो. हे लिहायला मला सव्वा महिना लागला.

तू विचारलेस तेव्हाच सांगायला हवे होते. तीनदा विचारलेस. तिसऱ्यांदा तू रडत नव्हतीस, नुसती बघत होतीस, आणि तेव्हा नाही म्हणणे मला सगळ्यात सोपे गेले. त्याची मला लाज वाटते.

पण सातजणींना कशाला सांगायचे? त्यांच्या पोटात गेले ते पचले. त्यांना ठाऊक नाही, म्हणून त्यांना दोष लागत नाही, असे शास्त्रच आहे. तुला कळले, तुझे व्रत तुटले, त्याचे प्रायश्चित्त जे काय असेल ते मी घेतो. कसब्यात सात घरे फिरून आपल्या तोंडाने आपली अब्रू घालवणे हे कोणत्या पोथीत सांगितले आहे?

भोपळे उतरवले. आठ आहेत. दोन मोठे माळ्यावर ठेवले. भोपळ्याची भाजी मला बरी जमते. मेथी फोडणीला टाकतो, करपते, पण करपल्यावर वास चांगला येतो. सुरण खणायला घेतला नाही.

यज्ञेश्वर

कार्तिक वद्य पंचमी, शके १६८८

सौ. द्वारकेस,

मागच्या पत्राला उत्तर आले नाही. दत्तोबा म्हणाला, पत्र बाईंच्या हातात दिले, त्यांनी ओट्यावर उभ्याउभ्या वाचले आणि आत गेल्या. त्याने तास-दीड तास वाट पाहिली. दीनानाथांनी त्याला ताक दिले.

तेव्हा मी सातजणींकडे जाऊन आलो.

तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी पर्वतीवरून कसब्यापर्यंत चालत गेलो आणि गणपतीचे दर्शन घेऊन तसाच परत आलो. तो दिवस धरू नये.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा चिमाबाईंकडे गेलो, कारण त्या सगळ्यात कडक. कठीण घर आधी झाले म्हणजे पुढची सोपी जातील असा हिशेब होता. त्या तुळशीपाशी होत्या. मी अंगणात उभे राहून सगळे सांगितले. मोट, पाट, चार दिवस. सोंगट्यांचेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आधीची सहा वर्षं तरी हातचं होतं, की तेही असंच?"

मी म्हटले, सहा वर्षे तिने स्वतः घातले होते.

"ते तुम्ही सांगताय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तुळशीकडे वळल्या.

तुझ्या सहा वर्षांवर कोणी शंका घेईल हे माझ्या डोक्यात आले नव्हते. तिथून निघालो तेव्हा तू मला त्यांच्याकडे का पाठवत होतीस ते कळू लागले. आज ना उद्या ठकू कोणाजवळ तरी बोललीच असती, आणि मग ते तुझ्या नावावर गेले असते. लोक म्हणाले असते, द्वारकेने फसवून जेवू घातले.

पुढची घरे सोपी गेली नाहीत. एकीने ओट्यावर चढू दिले नाही. एकीच्या नवऱ्याने मला आत बोलावून पानसुपारी दिली आणि हळूच म्हणाला, "यज्ञेश्वरपंत, बायकांच्या गोष्टी एवढ्या मनावर घेता?" त्याच्या बायकोने ते दाराआडून ऐकले. त्या घरी आता काय चालले असेल ते मला ठाऊक नाही. दोघीजणी रडल्या. एक म्हणाली, "आता सांगून माझं पोट रिकामं होणार आहे का?"

मथुराकाकू शेवटी. त्यांना आता डोळ्यांनी अगदीच कमी दिसते. मी सांगायला सुरुवात केली तशी त्या म्हणाल्या, "तरीच! मी म्हटलं, यंदाच्या भाजीला चव कशी." मग म्हणाल्या, "मी चार दिवस तिला इथं ठेवून घेतलं, माझी सून बाळंत झाली म्हणून. माझ्यासाठी ती राहिली आणि तुम्ही तिकडे हे केलंत." त्यांनी मला पाणी विचारले नाही. मथुराकाकूंनी कोणाला पाणी विचारले नाही असे मी पहिल्यांदाच पाहिले.

सगळ्यांचे म्हणणे एकच पडले. मागचे उद्यापन धरायचे नाही. पुढच्या पंचमीला पुन्हा करावे लागेल. तू बोलावलेस तर येतील. मी बोलावले तर एकही येणार नाही.

आता कसब्यात सगळ्यांना ठाऊक झाले आहे. परवा न्हावी माझी हजामत करताना सोंगट्यांबद्दल विचारत होता.

तुझ्या आईच्या गुडघ्यांचेही खोटे होते हे त्याच ओघात सांगून टाकले. ते गुडघे खरोखर दुखत असतील तर क्षमा असावी.

यज्ञेश्वर

ज्येष्ठ वद्य दशमी, शके १६८९

सौ. द्वारकेस,

सात महिने मी लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे घडत नव्हते. मी खणत होतो.

तीन वाफे केले आहेत, खालचा, मधला आणि वरचा. तिन्ही कुदळीने खणले. ढेकळे हाताने फोडली. शेणखत घालावे की नाही म्हणून शास्त्रीबोवांना विचारले, तर ते म्हणाले, शेण हे बैलाचे श्रम नव्हेत. मला ते पटले. बैलालाही पटले असते. हात ठीक आहेत. गेनबा आला होता. माझे हात बघून म्हणाला, "पंत, बोरू धरायचं हात हायेत ते, द्या हिकडं." मी दिले नाही. तो बांधावर बसून मी कसा खणतो ते बघत राहिला. त्याची चांगली करमणूक झाली असावी.

परवा दत्तोबाने तुझी चिठ्ठी आणली. "लाल माठ दाट पेरू नका. अळूला कडेची जागा द्या." एवढेच. मी ती तीनदा वाचली आणि पोथीत ठेवली. मग बाहेर जाऊन पेरलेला माठ पाहिला. दाटच होता. अर्धा उपटून काढला.

मला फार बरे वाटले, हे लिहून ठेवतो.

खालच्या वाफ्यात माठ, चुका आणि चवळी. मधल्यात भेंडी, दोडका, पडवळ. वरच्यात सुरण, अळू आणि काकडीचा एक वेल.

यज्ञेश्वर

श्रावण वद्य चतुर्दशी, शके १६८९

सौ. द्वारकेस,

तू तृतीयेला पोचतेस असा तुझा निरोप आला तेव्हापासून मी घर सारवतो आहे. सातजणींना तू परस्पर निरोप पाठवलेस हे मथुराकाकूंकडून कळले. दत्तोबा काल सकाळी तुला आणायला निघाला. त्याच्या गाडीला बैलच आहेत, पण बसायला हरकत नसावी. पोटात थोडेच जायचे आहेत.

तो निघाला आणि दुपारी मला एक गोष्ट कळली. ती तुला तू निघायच्या आधी कळावी म्हणून हे पत्र एका यात्रेकरूबरोबर पाठवत आहे. तो वाईला जातो म्हणतो.

नारळी पौर्णिमेपासून पाऊस नाही. कात्रजचे पाणी आपल्या कुंपणाशेजारून जमिनीखालून कसब्यातल्या हौदांत जाते आणि आपण त्याचा नुसता आवाज ऐकायचा. मी ओढ्यावरून कावडीने आणत होतो. सकाळी वीस खेपा, संध्याकाळी वीस. वाफे हिरवे राहिले. नवमीला मला ताप भरला. पुढचे तीन दिवस काय झाले ते मला नीट ठाऊक नाही. ठकू काढा ठेवून जात होती एवढे आठवते.

काल उठून वाफ्यांवर गेलो तर खालचा वाफा ओला होता. मधल्याची कड ओली होती. पाटाच्या तोंडाशी ताजी माती होती. गेनबाला विचारले. तो म्हणाला, "पंत, तुमी गपगार पडलं व्हतं. वाफा करपाया लागला. बाई येनार म्हून तुमी वरीसभर राबलासा. माझ्यानं बघवंना. एक दीस मोटंचं सोडलं. फकस्त एक दीस."

मग म्हणाला, "म्या न्हाई बोलत. ठकूला बी ठाव न्हाई, ती माळवं इकाया बाजारात गेलती. तुमी बी गप ऱ्हावा."

त्याच्यावर रागावता येईना. त्याने मायेने केले.

मी घरी येऊन ओट्यावर बसलो. गेनबा एकदा नाही म्हणाला की बोलत नाही. मागच्या वर्षीही तो बोलला नव्हता, ठकू बोलली होती. आता ठकूलाही ठाऊक नाही. पाटाचे तोंड मी पायाने सारखे केले की संपले. तू येशील, बघशील, सातजणी जेवतील, उद्यापन होईल, तू राहशील. मी हा विचार केला. एकदा नाही, दुपारभर केला. पाटाचे तोंड सारखे करायलासुद्धा गेलो होतो. कुदळ हातात होती.

खालचा वाफा गेला आहे. मधला गेला की राहिला ते मला सांगता येत नाही, म्हणून तोही गेलाच धर. वरचा उंचावर आहे, तिथे मोटेचे पाणी चढत नाही. तो नक्की हातचा आहे. पण त्यात सुरण, अळू आणि काकडी एवढेच आहे. सातजणींना पुरेल असे त्यात काही नाही.

हे वाचून यायचे की नाही ते तू ठरव. येणार नसलीस तर दत्तोबाची गाडी रिकामी परत पाठव, मला कळेल. यावेस असे मला वाटते. वर्षभर दुसरे काही वाटले नाही.

यज्ञेश्वर

भाद्रपद शुद्ध षष्ठी, शके १६८९

राजश्री दीनानाथराव यांस,

आपली बहीण तृतीयेला दुपारी सुखरूप पोचली. कात्रजच्या घाटात एक चाक करकरत होते, तेवढाच त्रास झाला.

माझे चतुर्दशीचे पत्र आपल्याकडे आता येईल. तो यात्रेकरू शिरवळला कोणा पाहुण्याकडे दोन दिवस राहिला असे कळले. म्हणजे गाडी आणि पत्र एकमेकांच्या शेजारून गेले. मला हे ठाऊक नव्हते. मी समजत होतो की ती सगळे वाचून आली आहे.

गाडीतून उतरली ती घरात न जाता सरळ मळ्यात गेली. मी मागोमाग गेलो. खालच्या वाफ्याशी उभी राहिली, माठाचे एक पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाली, "विरळ केलात. चांगलं आलंय." आणि हसली. दीनानाथराव, ती हसली तेव्हा मला कळले की तिला पत्र मिळालेले नाही.

कागदावर मी ते सगळे लिहिले होते. तोंडाने सांगायला मात्र जीभ वळेना. मागच्या वर्षी याच जागी मी तीनदा नाही म्हटले होते. मी तिला विचारले, माझे शेवटचे पत्र पोचले का? ती म्हणाली, "कुठलं?" मग मी उभ्याउभ्या सांगितले. ताप, गेनबा, एक दिवसाची मोट. कुठवर पाणी गेले असेल ते काठीने दाखवले.

ती बांधावर बसली. आधी माठाकडे बघत होती, मग माझ्या हातांकडे.

"कुणाला ठाऊक आहे?"

"गेनबाला."

"तो बोलला असता?"

"नाही."

"मग कशाला सांगितलंत?"

"तू विचारशील म्हणून."

"मी विचारणार नव्हते," ती म्हणाली. "वाईहून निघतानाच ठरवलं होतं, की विचारायचं नाही. जे वाढून ठेवलं असेल ते खायचं."

मी पटकन तोंड फिरवले. ते तिने पाहिले असावे, कारण तिने बराच वेळ पदराने बांधावरची माती झाडली. माती झाडून झाडून किती झाडणार?

मग उठली आणि म्हणाली, "कुदळ आणा. सुरण खणायचाय."

पंचमीला सातजणी आल्या. जेवायच्या आधी तिने सगळ्यांसमोर सांगितले की तीन वाफ्यांतला एकच हातच्या पाण्याचा आहे, बाकीचे दोन गेले, आणि ते कसे गेले. म्हणाली, "घासभरच आहे. पण जे आहे ते आहे." सुरण, अळू, काकडी एकत्र शिजवले, तेल नाही, मीठ नाही. चिंच तेवढी आपल्या कुंपणाच्या झाडाची, तिला कोणाचा बैल लागत नाही. तळ्याकाठी आपोआप उगवलेला देवभात ठकूने आणून दिला होता, त्याचा मूठमूठ भात. प्रत्येकीच्या पानावर भाजी घासभरच आली. चिमाबाईंनी तो घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि मान हलवली. मथुराकाकू म्हणाल्या, "यंदा चव नाही. म्हणजे खरी असणार." यावर सगळ्या हसल्या आणि चिमाबाईदेखील हसल्या. जाताना मथुराकाकूंनी माझ्याकडे पाणी मागितले.

सातजणी अर्धपोटी गेल्या असतील. पण कोणी काही मागितले नाही.

आज तिने खालच्या दोन वाफ्यांतले सगळे काढले. माठ तेलावर परतला, लसूण घातला, भेंडीला मीठ लावून तव्यावर टाकली, पडवळात चण्याची डाळ घातली. गेनबाकडे टोपलीभर भाजी आणि भरलेले पातेले दोन्ही पाठवले. ठकू पातेले घ्यायला आली ती दारातच उभी राहून विचारत होती, "बाई, आता मी बोलू का नगं बोलू?" ती म्हणाली, "बोल बाई, काय बोलायचं ते बोल."

मला तिने पाटावर बसवून वाढले. वर्षभराने पानात मीठ बरोबर होते. मी दोनदा भाजी घेतली, तिसऱ्यांदा तिने न विचारता वाढली. दीनानाथराव, मला फार आनंद झाला आहे. मेहुण्याला असे लिहायची रीत नाही, पण आपण ते वाचून कागद फाडून टाकावा.

आपण वर्षभर तिला सांभाळलेत आणि माझी पत्रे न फोडता तिच्या हाती दिलीत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. चतुर्दशीचे पत्र आले म्हणजे तेही न फोडता पाठवावे. तिला ते वाचायचे आहे म्हणते. मी नको म्हटले, पण ऐकत नाही.

तिची दोन लुगडी आपल्याकडे दोरीवर वाळत राहिली आहेत, एक हिरवे आणि एक जांभळे. दत्तोबा पुढच्या खेपेला येईल तेव्हा त्याच्याकडे द्यावीत.

यज्ञेश्वर